मिठाचा निवाडा

आमच्या घरी गुन्हेगार मिठाने पकडले जात. दृष्ट तर सगळ्याच घरांत काढतात. मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घ्यायच्या, पोरावरून ओवाळायच्या, चुलीत टाकायच्या आणि ठसका आला नाही की "बघा, किती लागली होती" असं म्हणून भाकऱ्या थापायला बसायचं. आमच्या तानूआत्याचं एवढ्यावर भागत नसे. नजर लागली हे ठीक, पण लागली कुणाची? हे कळल्याशिवाय तिला घास उतरत नसे. म्हणून तिने स्वतःचं एक न्यायालय काढलं होतं. तिन्हीसांजेला चुलीतली लाकडं मागे ओढायची, निखारे पुढे पसरायचे, मिठाच्या मडक्यातून खडा उचलायचा, ज्याच्यावर संशय त्याचं नाव घ्यायचं आणि खडा निखाऱ्यावर टाकायचा. ज्याच्या नावाचा खडा सगळ्यांत जोरात तडतडला, त्याची नजर. वकील नाही, तारीख नाही, अपील नाही.

तानूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर वडगावला माहेरी परत आली, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, आणि बापूकाका शाळेत जाणारी पोरं होती. आई नसलेल्या त्या दोघांना तिनेच वाढवलं, ऊसही तिनेच वाढवला, आणि पुढे म्हशींचा गोठा, डेअरीत जाणारे दुधाचे कॅन, माझी आई, आम्ही मुलं हे सगळं तिच्याच हाताखाली वाढलं. घरात गॅस आला तो चहापुरता. भाकरी चुलीवरच, कारण चूल गेली तर कोर्ट कुठे भरवायचं? आता आम्ही जळोचीला फ्लॅटमध्ये राहतो. पुडीतलं पिठासारखं बारीक मीठ गॅसवर टाकलं तर नुसती पिवळी ज्योत दिसते, आवाज नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीत कुणाचीच नजर कुणाला लागत नाही आणि बायकांना एकमेकींचा राग काढायला भिशीची वाट बघावी लागते.

कोर्ट भरलं की गल्लीतल्या बायका यायच्या. आपलं नाव निघालं तर आपण हजर असलेलं बरं, हा एक हेतू, आणि दुसरीचं निघालं तर काय तोंड होतं ते बघणं हा दुसरा. मी दिवळीखाली पोत्यावर बसून सगळं बघायची. नाटकाला तिकीट काढून जाणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून कीव येते. आत्या पदर खोचून बसायची, हात मडक्यात घालायची आणि बोटांनी खडा चाचपायची. ज्या बाईशी तिचं बरं होतं तिच्या नावाला हरभऱ्याएवढा खडा यायचा, जिच्याशी वाकडं होतं तिच्या नावाला चिंचोक्याएवढा. ती मुद्दाम करायची असं मी कधीच म्हणणार नाही. आत्याचा त्या मिठावर देवापेक्षा जास्त विश्वास होता. बोटं मात्र आपलं काम चोख करायची. एक नियमही होता, तिनेच केलेला: आपल्या नावाचा खडा आपण टाकायचा नाही, तो दुसऱ्याने टाकायचा. "चोराच्या हातात कुलूप द्यायचं व्हय?" ती म्हणायची. तिच्या नावाचा खडा टाकायची वेळ कधी आली नव्हती, कारण तिचं नाव घेणार कोण?

माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आईला मुलगा झाला. पेढे वाटले, ट्रॅक्टरला हार घातला, आत्याने बाळाला मांडीवरून खाली म्हणून ठेवलं नाही. आणि मग ते बाळ रोज संध्याकाळी, कारखान्याचा भोंगा झाला की, पोटाशी पाय घेऊन रडायला लागलं. निळंजांभळं व्हायचं. डॉक्टर म्हणाले वारा धरतो, होईल कमी. आत्याने डॉक्टरांची बाटली दिवळीत ठेवली आणि मिठाचं मडकं पुढे ओढलं.

नाव निघालं शालनकाकूचं. शालनकाकू म्हणजे बापूकाकांची बायको, कळंबची. लग्न होऊन तिसरं वर्ष चाललं होतं आणि तिची कूस उजवली नव्हती. घारे डोळे, तेही मोठाले. संशयाला आणखी काय लागतं? पहिल्या दिवशी तिच्या नावाचा खडा असा तडकला की एक ठिणगी आत्याच्या लुगड्यावर आली.

"बघितलं?" आत्या म्हणाली. "मी न्हाय बोलले. मीठ बोललं."

"वन्सं, मी त्याला धड घेतलंबी न्हाय अजून," काकू म्हणाली.

"घ्यायला कशाला लागतंय? बघून पोट भरतं तुझं."

त्या दिवसापासून काकूने जेवायचं ते भिंतीकडे तोंड करून. बाळ ज्या खोलीत असेल तिथे तिने जायचं नाही. धारा काढायच्या वेळी गोठ्याकडे फिरकायचं नाही. म्हैस व्याली, घरात खरवस झाला, वेलदोड्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि काकूला तो मिळाला दुसऱ्या दिवशी, आंबूस झाल्यावर. "ताजा बघितला तर म्हैस आटंल," आत्या म्हणाली. माझी आई गप्प. बापूकाका तर जन्मतः गप्प. बहिणीने हाताने भरवलेल्या घासांचं ओझं त्यांच्या जिभेवर कायमचं होतं. ते काकूच्या पाठीकडे बघत आमटी ओरपायचे.

काकूचे वडील एकदा कळंबहून आले. धोतराच्या सोग्यात डाळिंबं बांधून आणलेली, आपल्या झाडाची. आत्याने त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"तात्या, तितंच थांबा. पोरीची नजर अशी, तर बापाची कशी आसंल?"

म्हातारा उन्हात उभा. पाणीसुद्धा बाहेरच दिलं, म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्याशेजारी तांब्या ठेवून. त्यांनी पाणी घेतलं नाही. डाळिंबं ओट्यावर एकेक करून मांडली, जणू फुटतील, आणि गेले. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या काकूच्या कानावर हे सगळं पडत होतं. तिने मागे वळूनही बघितलं नाही. आत्याने डाळिंबं उकिरड्यावर टाकली. मी त्यांतली दोन उचलून खाल्ली. माझ्या डोळ्यांना काही झालं नाही, पोटालाही नाही.

मग एका जेवणाला आत्याने जाहीर केलं, "अमुशाला शेवटचं मीठ टाकायचं. पुना हिचंच नाव आलं तर बापू हिला कळंबला पोचवून येईल. पेटीसकट." जळोचीत एक मुलगीही तिने हेरून ठेवली होती. डोळे बारीक आहेत, अशी त्या मुलीची तारीफ ती शेजारणीला करत असलेली मी ऐकली. म्हणजे मीठ पडायच्या आधीच वरात ठरली होती. काकूला परत धाडलं तर पुढे काय, कळंबच्या त्या घरात तिच्यामागे दोन बहिणी लग्नाच्या होत्या. ज्यांची नजर लागते अशा घरची मुलगी कोण करणार?

मी त्या वर्षी एसटीने बारामतीला जाऊन अकरावी सायन्स करत होते. आमच्या घराण्यातली पहिली सायन्सवाली. आत्याच्या भाषेत "शायन". रसायनाच्या प्रयोगशाळेत शितोळे सर होते. बारीक, खोकणारे आणि शब्दांच्या बाबतीत भलतेच कंजूष. प्रत्येकाला परीक्षानळीत एक पांढरी पूड नाहीतर खडे द्यायचे आणि तापवून काय दिसतं, काय ऐकू येतं ते लिहायला सांगायचे. माझ्या नळीत लेड नायट्रेट आलं होतं. ज्योतीवर धरलं आणि नळीत जणू आमची चूल पेटली. तडतड, तडतड! मी दचकून ओरडले, "सर, कुणाची तरी नजर!" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"कानांनी काय ऐकलंस ते लिही. एकच शब्द. डेक्रेपिटेशन."

हा शब्द मला इतका आवडला की मी तो तिथल्या तिथे चार वेळा म्हणून बघितला. सरांनी खडू घेऊन फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्याच्या पोटात ठिपके दिले. स्फटिक वाढताना, ते म्हणाले, त्याच्या पोटात पाण्याचे बारीक थेंब कोंडले जातात. त्यांना बाहेर पडायला वाट नसते. तापलं की थेंबाची वाफ होते, वाफेला जागा पुरत नाही, ती भिंत फोडते. तो फुटण्याचा आवाज म्हणजे डेक्रेपिटेशन. आणि हा शब्द कुठेही फेकायचा नाही. फोडणीतली मोहरी तडतडते ते डेक्रेपिटेशन नव्हे. ओलं लाकूड जळताना वाजतं तेही नव्हे. फटाका तर नव्हेच. स्फटिक तापून तडकला, तरच.

"सर, खायचं मीठ?" मी विचारलं.

"तेच तर पहिलं उदाहरण. खडा मोठा, तर आत पाणी जास्त, आवाज जास्त. एकदा नीट भाजून घेतलं की पाणी गेलं. मग कितीही तापव, गप्प."

त्या दिवशी एसटीत मला बसायला जागा मिळाली होती, पण मी उभ्यानेच आले. अशी बातमी पोटात घेऊन बसता येत नाही. घरी आत्या ओसरीवर होती म्हणून मी थेट परसात काकूकडे गेले. ती राखेने भांडी घासत होती. मी दगडावर चढून, हात पसरून, सरांचा खोकलासुद्धा मध्ये घालून तिला सगळं सांगितलं: चौकोन, ठिपके, वाफ, भिंत. तिने तवा घासायचा थांबवला नाही.

"काय म्हनलीस त्याला?"

"डेक्रेपिटेशन."

"आन भाजलं की गप?"

"एकदम मुकं."

काकू माझ्याकडे बघून हसली. त्या घरात आल्यापासून तिचे दात मी पहिल्यांदा बघितले. चांगले होते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी आत्या आबांना घेऊन जळोचीला गेली, बारीक डोळ्यांची मुलगी बघायला. जाताना काकूलाच हाक मारून तिच्याकडून लुगड्याला इस्त्री करून घेतली. दोघांची पाठ वळली तशी काकूने आईला बाळासह मळ्यात पाठवलं, मिठाचं मडकं कढईत रिकामं केलं आणि चुलीत लाकडं सारली. काय सांगू! लग्नात बारा बँड ऐकले असतील, पण तसली वाजंत्री नाही. खडे कढईतून उडत होते, पत्र्यावर आपटत होते, काकू परात उलटी झाकून तिच्यावर दोन्ही हातांनी रेलून उभी होती आणि हसत होती. हातावर चटके बसत होते. ते थांबेपर्यंत ती हलली नाही. मग हळूहळू आवाज विरळ झाला, एखाददुसरा राहिला, आणि संपला. मीठ थंड करून तिने मडक्यात भरलं. भाजायच्या आधी काढून ठेवलेले तीन-चार भलेमोठे खडे मात्र तिने पदराच्या गाठीत बांधले.

"ते कशाला?" मी विचारलं.

"न्याय करायचा तर पुरा करावा," काकू म्हणाली.

अमावास्येला चुलीपुढे बसायला जागा नव्हती. काकूची पेटी आत्याने आधीच ओसरीवर आणून ठेवली होती, आणि आलेल्या बायका तिला ओलांडून आत येत होत्या. बापूकाका दारात, खाली मान घालून. बाळ आतल्या खोलीत रडत होतं. आत्याने मडक्यात हात घातला, चिंचोक्याएवढा मिळेना म्हणून त्यातल्या त्यात मोठा खडा घेतला, भांड्यावर हात मारावा तसं नाव घेतलं, "शालन!" आणि टाकला.

काही नाही. खडा निखाऱ्यावर पडून राहिला, पोत्यावर बसलेल्या मांजरासारखा.

आत्याने दुसरा टाकला. तिसरा टाकला. मग शेजारणीचं नाव, त्या शेजारणीच्या सुनेचं नाव. सगळं चिडीचूप. निखारे तेवढे राख धरत होते. "मीठ वलं झालं आसंल," कुणीतरी म्हणालं. मी ओठ चावून बसले होते. ओलं असतं तर काय झालं असतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसलेली काकू न वळता, अगदी मऊ आवाजात बोलली.

"वन्सं, सगळ्यांची नावं झाली. एक ऱ्हायलं."

"कुणाचं?"

"तुमचं."

आत्या हसली, खरंच हसली. तिला त्यात कसलीच भीती वाटली नाही. "टाक की. माझ्या हातानं तर टाकता येत न्हाय." काकू उठली. चुलीपाशी आली, मडक्यात हात घातला, काढला, आणि "तानूबाई" असं स्पष्ट म्हणून मूठ उघडली. काय आवाज झाला! सुतळी बॉम्बच. निखारा उडून थेट आत्याच्या पुढ्यात पडला.

"पुना टाक," आत्या म्हणाली. हसू अजून तोंडावर होतं, पण एकटंच उरलेलं. काकूने पुन्हा टाकला. पुन्हा स्फोट. "आता शेजारणीचं टाक." शेजारणीचा खडा मडक्यातला, गप्प. "पुना माझं." स्फोट. इतक्या शिस्तीत तपासून घेतलेला प्रयोग मी शितोळे सरांच्या प्रयोगशाळेतही बघितला नव्हता. आत्याने स्वतःच तो करून घेतला, शेवटपर्यंत.

लोक मला विचारतात, तेव्हा वाईट वाटलं का? अहो, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या! आणि मी एकटी नव्हते. त्या चुलीपुढे वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी कुठल्या हळदीकुंकवाला बघितला नाही. एकीने मांडीवरच्या पोरावर पटकन पदर ओढला. मग दुसरीने. सगळीकडे पदर ओढले जात होते. आणि सगळ्यांत शेवटी माझी आई, जिने त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता, ती आतल्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "वन्सं, आजपासनं तुमी तिकडं तोंड करून जेवा."

आबा "आक्का" एवढंच म्हणाले. बापूकाकांनी पेटी उचलून आत नेली.

जळोचीच्या सोयरिकीचा विषय आपोआप मिटला. बाळ पुढच्या काही दिवसांत रडायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले होतेच, होईल कमी. पण गल्लीने त्याचा हिशोब वेगळा लावला, आणि आत्यानेही. तिच्या हाताचं ताक कुणी घेईना. बारशाची बोलावणी येईनात. ज्या गोठ्यातल्या म्हशी तिने नावांनी वाढवल्या, तिथे धारेच्या वेळी ती आपण होऊन दूर जायला लागली. काकू तिला रोज वेळेवर ताट वाढायची, भाकरी गरम, ठेचा ताजा, आणि ताट भिंतीपाशी सरकवून म्हणायची, "घ्या वन्सं, सावकाश." एवढं गोड बोलणं मी पुन्हा ऐकलं नाही. बाळ रांगायला लागलं तेव्हा ते आत्याकडेच जायचं, तिच्या पदराला लोंबकळायचं. आत्या डोळे घट्ट मिटून बसायची आणि ओरडायची, "न्या गं याला कुणीतरी!"

हे जरा जास्तच व्हायला लागलं तेव्हा मी काकूला म्हटलं, "आता सांगू का घरात?"

"सांग की," काकू कणीक मळत म्हणाली. "माझ्या बापाला उनात पाणी दिलं होतं, तेबी सांग."

मी सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर, चौकोन आणि ठिपक्यांसकट. मडकं भाजल्याचंही सांगितलं. आबा म्हणाले, "कॉलेजात घातली ती चुलीतलं मीठ शिकायला व्हय? आन शालन असं करंल?" काकूने माझ्याकडे असं बघितलं की मलाच शंका यावी. आई म्हणाली, जेव गप. बापूकाका आमटी ओरपत होते. आणि भिंतीपाशी बसलेल्या आत्याने सगळं ऐकूनही मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी तिला हाताला धरून चुलीपाशी आणलं. भाजलेलं मीठ कधीच संपलं होतं, मडक्यात दुकानातलं नवं आलं होतं. "आत्या, हे बघ. कुणाचंच नाव घेत नाही मी." मी खडा टाकला. तडतडला.

"वाजलं ना? बिननावाचं वाजलं! पाणी असतं त्याच्या पोटात. डेक्रेपिटेशन म्हणतात."

आत्या माझ्याकडे बघत होती, कळवळून, जणू मीच आजारी होते.

"मी हितं बसलीय न्हवं, सुले. म्हनून वाजलं."

"मग तू बाहेर जा. तू नसताना टाकते."

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. उंबरा ओलांडला, ओसरी ओलांडली, आणि घराच्या मागे, गोठ्याच्या भिंतीआड जाऊन उभी राहिली. तिथून ओरडली, "टाक आता!" मी मडक्यातला सगळ्यांत मोठा खडा शोधला, तिला नीट ऐकू यावा म्हणून, आणि टाकला. जोरात वाजला.

मी आनंदाने विचारलं, "ऐकलंस का, आत्या?"

"ऐकलं," ती म्हणाली. "भिंतीतनंबी जातीय गं माझी नजर."